निळी आधी, तांबडी नंतर

गेल्या आठवड्यात पेपरात एक बातमी वाचली. कुठल्याशा डोंगरावर म्हणे एक भली मोठी दुर्बीण बसवली आहे, ती अख्खं आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार. आणि शास्त्रज्ञांत वाद कशावरून, तर कोणत्या रंगाचा फोटो किती दिवसांनी काढायचा यावरून. वेळापत्रक चुकलं तर कृष्णविवराभोवतीच्या तबकडीचं माप चुकेल, अशी त्यांना भीती वाटते. भीती हा शब्द वाचला आणि हातातला चहा हातातच राहिला. ही भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मी ती वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेली पाहिली आहे.

गजभिये सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि मी गणित. सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीच्या दशकाची सुरुवात, तेव्हाची ही गोष्ट. मी जिभेची फटकळ, आणि स्टाफरूममध्ये माझ्या वाऱ्याला फारसं कोणी उभं राहायचं नाही. सर मात्र माझ्या शेजारीच बसायचे, कारण माझा कोपरा खिडकीपासून लांब होता. खिडकीतून वीज येते, असं त्यांचं मत होतं. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, उंच माणूस पण पाठीत वाकलेला, आणि कोणी मागून हाक मारली की आधी दचकायचे, मग वळायचे.

बाप्पा, किती भ्यावं माणसानं! कुत्र्याला भ्यायचे, पालीला भ्यायचे, टेलिफोन वाजला की छातीवर हात ठेवायचे. तार आली म्हटलं तर दुसऱ्याच्या नावाची असली तरी यांचा चेहरा पांढरा. अंधाराची तर विचारूच नका. आकाशावर संशोधन करणारा माणूस अंधाराला भितो, याच्यावर आम्ही स्टाफरूममध्ये किती चहा रिचवले असतील! ते कायम दोन टॉर्च बाळगायचे. का, तर एक बंद पडला तर? मी म्हटलं, "सर, दोन्ही बंद पडले तर?" मला वाटलं हसतील. ते विचारात पडले आणि दुसऱ्या दिवसापासून काडेपेटीही बाळगायला लागले.

एकदा त्यांनी बी.एस्सी.च्या पोरांना तारे दाखवायला बेसाकडे नेलं. आता तिथे नुसते फ्लॅट उठलेत, तेव्हा सगळी शेतंच होती. मीही सोबत गेले. दिवेलागण होऊन गेली होती. सर पोरांच्या मधोमध उभे, चहूबाजूंनी पोरं, आणि तिथून मान वर करून एकेक तारा असा दाखवत होते की पोरं चिडीचूप. आवाज अगदी स्थिर. बांधावर काहीतरी खसफसलं आणि सरांनी दोन्ही टॉर्च एकदम लावले. परत येताना मी डिवचलं, तर म्हणाले, वरच्या अंधाराची भीती नाही वाटत मॅडम, खालच्या अंधारात कोण उभं आहे त्याची वाटते. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही आणि मी विचारलाही नाही.

पण या भित्र्या माणसाची एक गंमत होती. भ्यायचे, थरथरायचे आणि करायचं ते करायचेच. परीक्षेतली गोष्ट सांगते. आमच्याकडे सुपरवायझर घंटा झाली की वर्गातून फेरी मारायचे. पोरांनाही घंटा पाठ होती. दोन घंटांच्या मध्ये पुस्तकं बाकाखालून वर यायची, घंटेला आत जायची, आणि आमचा अहवाल दरवर्षी तोच, कॉपीचा प्रकार आढळला नाही. गजभिये सरांनी काय करावं? खिशात चिठ्ठ्या ठेवल्या. एक चिठ्ठी काढायची, तिच्यावर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी थांबायचं आणि फेरी मारायची. पोरांची पार त्रेधा उडाली. पहिल्याच दिवशी जो सापडला तो संस्थेच्या एका मोठ्या माणसाचा पुतण्या निघाला. तो पोरगा कापत होता आणि त्याच्यासमोर सरही कापत होते. सगळ्यांनी खुणावलं, सोडून द्या. सरांनी रिपोर्ट लिहिला. मग महिनाभर त्यांना वाटत होतं की आज नोकरी जाते की उद्या. नोकरी गेली नाही, पण त्या महिन्यात त्यांचं वजन मात्र गेलं.

ठरल्या वेळी पाहिलं की ठरलेलंच दिसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गात, मीटिंगमध्ये, नळाला पाणी कधी येतं या चर्चेतसुद्धा. मी कंटाळून कानात बोटं घालायची.

आता त्यांच्या संशोधनाचं सांगते, कारण त्यांचा सगळा जीव त्यात अडकला होता. मी साधंच सांगते, मला तसंच कळलं होतं. मोरीत पाणी सोडलं की भोक गाठायच्या आधी ते गोल फिरतं. कृष्णविवरात पडणारा वायूही तसाच आधी गोल फिरतो, तापतो, त्याची तबकडी होते. आतला भाग जास्त तापलेला, तो निळा झळकतो. बाहेरचा त्यामानानं थंड, तो तांबडा. आत काही भडका उडाला की निळा प्रकाश आधी वाढणार, आणि तो उजेड कडेपर्यंत पोचला की मग तांबडा वाढणार. मधले दिवस मोजले की तबकडीची रुंदी मिळाली. इतकी लांबची वस्तू की दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो, पण घड्याळ लावून तिचं माप घेता येतं. हे ऐकलं त्या दिवशी मी सरांना टोमणा मारला नाही.

दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत आकाशाच्या एका तुकड्याचे फोटो वर्षानुवर्षं काढत आले होते, काचेच्या प्लेटांवर. काढले होते भलत्याच कामासाठी, पण त्यात सरांचा ठिपका सापडत होता. दिवाळीच्या सुटीत आणि उन्हाळ्यात सर तिकडे जायचे, निळ्या प्लेटांवर आणि तांबड्या प्लेटांवर ठिपका किती तेजस्वी आहे ते मोजायचे आणि आकडे घेऊन परतायचे. प्रवासाची भीती, परमुलखाची भीती, प्लेट हातातून पडेल ही भीती. सगळी वर्षं गेले, एकही चुकवलं नाही. आणि अखेर उत्तर आलं. तांबडा निळ्याच्या मागून आठ-दहा दिवसांनी येतो.

त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक खूश झाले. विद्यापीठात बोलबाला झाला. इंदोऱ्यात, सरांच्या वस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये सत्कार झाला. आम्ही स्टाफमधले दोघं-तिघं गेलो होतो. सरांचे वडील तिथे पहिल्यांदा नीट पाहिले. खाप्याचे विणकर, मग नागपुरात येऊन गिरणीत आयुष्य काढलेलं, छप्पन साली दीक्षेला सगळं घर घेऊन गेलेले. ऐंशीच्या घरातला म्हातारा, कडक पांढऱ्या कपड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम करून राहिलेला. त्यांनी घरावर पाटीही रंगवून घेतली होती. डॉ. प्रभाकर गजभिये. पदवी मिळायची होती म्हणून फक्त त्या 'डॉ.'वर कागद चिकटवला होता. मला कोपऱ्यात घेऊन दाखवली आणि म्हणाले, बाई, वस्तीतली पहिली पाटी आहे ही, तुमीनं यायचं कागद काढाले. सर मागे उभे होते. त्यांना हसू येत नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माझ्या जिभेनं तो प्रताप केला. स्टाफरूमच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर होतं. मला संकष्टी कधी ते पाहायचं होतं आणि सर त्यांच्या आकड्यांचे कागद पसरून बसले होते. त्यात यंदाच्या प्लेटांच्या तारखाही होत्या. मी आपली उगाच एकेक तारीख कॅलेंडरशी ताडून पाहिली. निळी प्लेट अमावस्येच्या आसपास. पुढची निळीही तशीच. तांबडी अष्टमी-नवमीला. पुढची तांबडीही अष्टमी-नवमीला. मी म्हटलं, "काय सर, तुमचं कृष्णविवरही तिथी पाळतं की काय?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. कागद पाहत राहिले. मग उठले, कॅलेंडरजवळ गेले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं तर त्यांनी ग्लास हातात धरला, प्याले नाहीत.

झालं होतं ते असं. चांदण्यानं निळी प्लेट खराब होते, तांबडी तितकी होत नाही. म्हणून त्या वेधशाळेची रीतच होती की अमावस्येच्या काळोखात निळी काढून घ्यायची आणि चंद्र वाढायला लागला की तांबडीचं काम करायचं. सोयीची रीत, त्यात कोणाचा दोष नाही. पण त्यामुळे प्रत्येक तांबडी निळीच्या मागून आठ-दहा दिवसांनीच यायची. सरांनी एका रंगाची प्लेट दुसऱ्या रंगाच्या प्लेटशी ताडून पाहिली, पण मधल्या दिवसांच्या प्लेटाच नव्हत्या. ज्या अंतराच्या जोड्या होत्या, तेवढ्याच अंतराला उत्तर म्हणायची मुभा होती. मंगळवारी बाजारात जाणाऱ्यानं म्हणावं की भाजी मंगळवारीच पिकते, त्यातलाच प्रकार. त्यात पावसाळ्याचे महिने आकाश बंद. तेव्हा तिथे काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये घंटेला नावं ठेवणाऱ्या माणसाला आकाशातली घंटा ऐकू आली नव्हती.

अजून नक्की नव्हतं. तबकडी खरोखरच तेवढी असू शकत होती. पडताळा कसा घ्यायचा ते सरांनीच ठरवलं, आणि मला मदतीला बोलावलं, कारण असल्या बेभरवशाच्या आकड्यांचं गणित मी शिकवायची. खोटं आकाश करायचं. चहाच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेक काढत त्यावरून तेज कमीजास्त करत न्यायचं. या खोट्या आकाशात निळा आणि तांबडा एकाच क्षणी वाढतात असं धरायचं, मध्ये एका दिवसाचंही अंतर नाही. मग वेधशाळेच्याच तारखांना ते पाहिल्यासारखं करायचं आणि नेहमीची रीत लावायची. उत्तर शून्य आलं तर सर वाचले. आठ-दहा आलं तर ते माप आकाशाचं नव्हतं, वेळापत्रकाचं होतं.

दुपारच्या मोकळ्या तासांना आम्ही हे करत बसायचो. मी चिठ्ठ्या काढायची, सर हातानं फिरवायच्या यंत्रावर बेरजा-गुणाकार करायचे. येणारे-जाणारे विचारायचे, भिशी सुरू केली का, आम्हाला का नाही घेतलं? मी म्हणायची, घेते ना, आधी नंबर लागू द्या. सरांच्या कपाळावरून घाम टपकत असायचा. पहिल्या खोट्या आकाशाचं उत्तर आलं आठ-दहा दिवस. सर म्हणाले, एकदा योगायोग होतो. दुसऱ्याचंही तेच आलं. तिसऱ्याला मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, चिठ्ठ्या काढताना, गणिताच्या बाईनं! तिसऱ्याचंही तेच. सरांनी यंत्राचं हँडल सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. 

त्या दिवशी ते आपल्या भीतीबद्दल पहिल्यांदा बोलले.  म्हणाले, "मॅडम, तुम्ही चुकलात तर तुम्ही चुकता. मी चुकलो तर सगळे चुकतात. बाबा चुकतात, विहारात बसलेले सगळे चुकतात, पुढच्या साली अॅडमिशन घेणारा पोरगाही चुकतो. माझी चूक माझ्या एकट्याच्या नावावर राहतच नाही."

 त्यांचं ते दचकणं, खिडकीपासून लांब बसणं, प्रत्येक आकडा चारदा तपासणं, सगळ्यावर मी हसत आले होते. आता मलाच भीती वाटायला लागली. 

ते मार्गदर्शकांकडे गेले. मार्गदर्शक माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावलं म्हणे, शेवटच्या पानावर एक ओळ टाका, निरीक्षणांच्या तारखांमुळे काही मर्यादा संभवतात, झालं. परीक्षक इतक्या खोलात जात नाहीत. पदवी घ्या, मग पुढे दुरुस्त करा. सर परत आले आणि मला विचारलं, काय करू. मी काय सांगणार? एकीकडे वाटे, टाका ती ओळ आणि सुटा. दुसरीकडे वाटे, उद्या कोणी काढलंच शोधून तर हा माणूस जिवंत राहायचा नाही. दोन्हीकडून आग. सरही ते जाणत होते. त्या दिवसांत त्यांचा डबा तसाच परत जायचा. कोणी दार उघडलं तरी ते उभे राहायचे.

प्रबंध देण्याआधी विद्यापीठात सगळ्यांसमोर व्याख्यान द्यावं लागे. तारीख लागली. सरांनी काय ठरवलं ते मला सांगितलं नाही, घरी तर नाहीच. मी पोचले तर मागच्या सगळ्या रांगा पांढऱ्या. इंदोऱ्याहून माणसं आली होती, बाया पांढऱ्या लुगड्यांत, लेकरांचे केस चोपून बसवलेले. सरांचे बाबा पहिल्या रांगेत, हातात हार. सरांनी ते पाहिलं आणि खडू मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. मला वाटलं आता हे पळून जातील, आणि खरं सांगते, गेले असते तर बरं वाटलं असतं.

ते पळाले नाहीत. फळ्यावर निळी रेघ काढली, तांबडी काढली, आठ-दहा दिवसांचं माप सांगितलं. मागून टाळ्या पडल्या. सर टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग तीन खोटी आकाशं फळ्यावर मांडली, एकेक करून, आणि प्रत्येकाखाली तेच उत्तर लिहिलं. आवाज इतका बारीक की पंखे बंद करावे लागले. म्हणाले, "हे माप तबकडीचं नाही. हे आपण केव्हा पाहिलं त्याचं माप आहे. मी माझा निष्कर्ष मागे घेतो." मग दोन्ही रंग एकाच रात्री टिपले पाहिजेत, आणि ठरल्या तिथींना बांधून न घेता टिपले पाहिजेत, हे सांगितलं आणि खडू ठेवला.

 मग पुढच्या खुर्च्यांवरचे एक वयस्क प्राध्यापक उठले. अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका गजभिये, शिकणाऱ्या पहिल्याच पिढीकडून इतक्या बारकाव्याची अपेक्षा करणंही बरोबर नाही.

इतकी वर्षं सर ज्याला भीत आले ते वाक्य आलं, आणि तेही मायेनं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीवरून अर्धी उठलेही. पण सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको. मग त्या प्राध्यापकांना म्हणाले, "सर, याच तारखांवरून आणखी तीन शोधनिबंध निघालेत. त्यातला एक तुमचा आहे. मी तोही तपासला. तोही टिकत नाही." हे बोलताना ते टेबलाला दोन्ही हातांनी धरून होते, आणि टेबल हलत होतं. प्राध्यापक खाली बसले. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले.

हॉल वरच्या मजल्यावर होता, मी बाहेर गॅलरीत आले. खालच्या पायऱ्यांवर बाबा उभे होते, हार तसाच हातात. सर खाली उतरले. वस्तीची माणसं जरा अंतर ठेवून उभी राहिली. बाबांना ऐकू कमी यायचं, म्हणून दोघंही मोठ्यानं बोलले आणि मला वरपर्यंत ऐकू आलं.

"भेटली का गा डिग्री?"

"नाई भेटली, बाबा. मी चुकलो होतो."

"कोनं सांगतलं?"

"मीच सांगतलं."

  बाबांनी हार उचलला तेव्हा मला वाटलं फेकतात. त्यांनी तो सरांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "मंग ठीक आहे. त्याहीची चूक त्याहीले सांगाले कोन गेलं होतं आजपर्यंत?"

 सर पायरीवरच बसले आणि अंग गदगदा हलायला लागलं. हॉलमधून आता मोठे लोक बाहेर पडत होते, चहाकडे निघालेले. वस्तीतल्या एका बाईनं ते पाहिलं आणि काही न बोलता सरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून. मग दुसरी आली. मग बाप्ये आले. कोणी कोणाला सांगितलं नाही. बघता बघता पांढऱ्या पाठींचं कडं झालं. पुढच्या सत्रात सरांची बदली दुसऱ्या गावच्या कॉलेजात झाली, आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. त्या दिवशीही मी कठड्यावरून कितीदा वाकून पाहिलं, पण मला सर दिसले नाहीत. वस्तीच्या माणसांनी ते कोणाला दिसू दिले नाहीत.